कोंडीच्या माळावरचा बर्फ

अंडं गार होतं. नुसतं गार नव्हे — पापणीला टेकवल्याबरोबर डोळ्याच्या आत कुठंतरी बारीक कळ उठावी इतकं गार. तरी मैनानं ते काढून घेतलं नाही, डावा डोळा मिटून, अंडं तसंच धरून ती चुलीपुढं उकिडवी बसून राहिली. बोटांवर तिचा भरवसा नव्हता. राखेत, शेणात, तव्यावरच्या भाकरीत वावरून बोटं निबर झालेली, ती काहीही सांगतात. पापणी खोटं सांगत नाही. कोंबडीखालून आत्ता काढलेलं अंडं कुठलं, रात्रभर टोपलीत पडून राहिलेलं कुठलं, हे तिच्या आईनं तिला पापणीनंच ओळखायला शिकवलं होतं. आणि आज पापणी सांगत होती, की... तिनं ते वाक्य मनातसुद्धा पुरं केलं नाही. दृष्ट लागायची.

अंडं तिनं टोपलीतल्या भाताच्या तुसात खोचलं, वर मूठभर तूस पसरलं आणि कोनाड्यातली खोबरेलाची बाटली काढून उलटी केली. तेल जागचं हललं नाही. तसं ते थंडीत रोजच थिजतं, पण आज बाटलीची काचसुद्धा बोटाला चावली. बाहेर वारा नव्हता. दाराच्या फटीतून शेजारच्या चुलीचा धूर उभाच्या उभा वर चाललेला दिसत होता, आणि उजाडायला आलं तरी उरल्यासुरल्या चांदण्या घासून ठेवल्यासारख्या लखलखीत. गेल्या साली असंच होतं. अगदी असंच...

“झाली का गो तयारी?” रंगूबाई, तिची सासू, गोधडीतूनच बोलली. “येताना माज्यासाठी बी शेरभर आन. लोनच्यात घालीन.”

“शेरभर कशाला, डालगंभर आनते,” मैना म्हणाली.

“आन, आन. बर्फवाली तू.”

मैना हसली. बर्फवाली. वर्षभर वाडीत तिला हेच नाव होतं. पाणवठ्यावर, लावणीत, कुणाच्या बारशाला. आज ते ऐकून छातीत काही टोचलं नाही. उलट कुणीतरी आपल्याला आपल्या नावानं हाक मारल्यासारखं वाटलं.

गेल्या पौषात ती वाडीतल्याच बनुबाईच्या मागून घाट चढून वरच्या बाजाराला अंडी घेऊन चालली होती. वाडीतली बाकी सगळी माणसं बाजाराला खाली पोलादपूरला जात. ह्या जुन्या पायवाटेनं वर जाणाऱ्या दोघीच. कड्याच्या पायथ्याशी कोंडीचा माळ लागतो — चारी बाजूंनी उचललेला, मध्ये परातीसारखा खोलगट — तिथं पोचल्या तर गवत पांढरं. आणि म्हशींच्या खुरांनी पडलेल्या खळग्यांत पाणी होतं, त्या प्रत्येक पाण्यावर झाकण. काचेचं. तिनं एक उचललं. ते हातात आलं. पाणी हातात आलं! बनुबाईला तिनं ओरडून दाखवलं तर बनुबाई म्हणाली, “दोन-चार वर्सांनी आसतंच त्ये. चल, ऊन व्हईल,” आणि पुढं चालू लागली. पण मैनाचा पाय निघेना. तिनं दोन मोठी झाकणं घेतली, फडक्यात गुंडाळली, वरून घोंगडीची खोळ केली आणि सगळं छातीशी घट्ट धरून, बाजार बनुबाईवर सोपवून, तशीच घरी पळत सुटली. ऊब मिळावी म्हणून. थंडीत कोंबडीची पिलं आणतात तशी. इतकं गारठलेलं काहीतरी, त्याला ऊब नको?

वाडीत पोचली तेव्हा छातीशी फक्त ओलं फडकं होतं, आणि चोळी भिजलेली. शेवटच्या घरातल्या गोमाजीनं ती भिजलेली चोळी दारातच पाहिली. “मैनाचा बर्फ कुठं गेला तो आमाला म्हाईत हाय,” असं तो पुढं शिमग्यात सगळ्यांसमोर म्हणाला, आणि त्याच्याबरोबर सगळ्यांत मोठ्यानं हसला तो भागोजी. तिचा नवरा. मुंबईत बंदराजवळ बर्फाच्या कारखान्यात काम करणारा, बर्फाच्या लाद्या आकड्यानं ओढणारा, वाडीत बर्फ म्हणजे काय हे ठाऊक असलेला एकुलता एक माणूस. “मैने, बर्फ म्हंजे काय रानातली करवंदं हायेत? त्याला मशीन लागतं. आमोनिया लागतो. सायेब लागतो.” मी पाहिलं होतं. माझ्या ह्या दोन हातांनी उचललं होतं. आणि पाहणारी दुसरी एकटी बनुबाई. ती श्रावणात तापानं गेली. आता साऱ्या दुनियेत ते पाहिलेली मी एकटी...

तर ह्या खेपेला भागोजीची आठ दिवसांची रजा होती. सात दिवस वारा वाहत राहिला, आभाळ मळकट राहिलं, आणि ती रोज पहाटे अंडं पापणीला लावून गप्प राहिली. उद्या तो जाणार. चालत महाडला, तिथून दासगावच्या बंदरावर, मग मचवा, मग आगबोट; आणि मुंबईत गाववाल्यांच्या खोलीत पुन्हा तोच किस्सा, पुन्हा हशा. काल संध्याकाळी वारा पडला. तेव्हा ती जेवण वाढता वाढता म्हणाली, उद्या माज्यासंगं वर चला. एकदाच. तो हसला, पण नाही म्हणाला नाही.

आता तो दारात उभा होता. कोट, कानाला मफलर, पायांत मुंबईचे बूट. “चल गो बर्फवाले.”

“बुटं काढा,” ती म्हणाली. “वर पाय ठरायचा नाय त्यात.”

“ह्यात फोरासरोडला ट्राममागं धावतो मी. तुजा डोंगर काय लागून गेलाय?”

शेवटच्या घरापाशी गोमाजी तोंडात राखुंडी धरून बसलेला होताच. “निगाली काय रं वरात? भागोजी, आकडा घेतलास ना? लादी वडायला?”

“तुजी जीभ वडायला आनीन,” मैना म्हणाली, आणि गोमाजी राखुंडीची पिंक टाकायची विसरला. तिला स्वतःलाच नवल वाटलं. हे आपण बोललो? ती भराभर चालू लागली. डोक्यावर अंड्यांची टोपली, पाठीशी दोरीनं बांधलेली पेंढ्याची लहानशी मोळी, आणि पाय असे हलके की जणू उतारच लागलाय. मागं सावित्रीचं खोरं धुक्यानं काठोकाठ भरलं होतं, वाडी त्यात बुडत चालली होती, आणि ती वर, आणखी वर... भागोजीचा श्वास मागून मोठ्यानं ऐकू येत होता. गाववाल्यांत धिप्पाड गणला जाणारा भागोजी! ती मुद्दामच थांबली नाही. मग थांबली.

“दमलाव?”

“कारखान्यात चढ नसतो.”

“मग काय असतं?”

तिनं हे कधी विचारलंच नव्हतं. तो बूट दगडावर आपटत बोलू लागला — पत्र्याचे डबे, त्यांत पाणी, डबे मिठाच्या खारट पाण्यात सोडतात, ते पाणी बर्फापेक्षा गार पण गोठत नाही. दोन दिवसांनी डबे उलटे केले की लादी बाहेर येते, पुरुषभर लांब. ती आकड्यानं ओढायची, भुशात घालायची, गाडीवर चढवायची. आणि मासळीवाल्या कोळणी कशा शिव्या घालतात, आणि सायेबाच्या हाटेलात तोच बर्फ कसा काचेच्या प्याल्यात जातो. बोलताना त्याचा चेहरा उजळला. ती ऐकत होती आणि तिला एकदम उमगलं, की हा माणूस वर चाललाय तो बर्फ बघायला नव्हे. वर काही नाही हे बघायला चाललाय. ह्याच्याजवळ वाडीत सांगायला एवढी एकच गोष्ट आहे, दुसऱ्या कुणाजवळ नसलेली. ती जर डोंगरावर म्हशीच्या खुरात फुकट पडलेली निघाली तर... तिला थोडं वाईट वाटलं. पण थोडंच. पाय तर पुढं धावत होते. असू दे. मी एक वर्ष सोसलं. असू दे.

चढ संपत आला तसा वाटेचा आवाज बदलला. हे तिला आठवत होतं, आणि तरी आवाज आला तेव्हा अंगावर काटा आला. खाली माती पायाखाली मऊ दबत होती. इथं ती पायाखाली फुटत होती, भाजलेल्या पापडासारखी. झाडीखाली काही नव्हतं, झाडं दव खाली पडू देत नाहीत. पण जिथं वाट उघडी पडे तिथं गवताच्या काडीकाडीला पांढरी कड. भागोजी ते बघत होता.

मग पाझराची कपार आली. तिथं वाट कड्याला चिकटून जाते, दोन पावलं रुंद, आणि कड्यातून झिरपणारं पाणी वाटेवरून ओघळून दरीत जातं. एरवी पाय भिजतात एवढंच. आज खडक काळा, चकचकीत, तेल चोपडल्यासारखा दिसत होता.

“हितं थांबा,” मैना म्हणाली. “पानी नाय त्ये.”

“पानीच हाय, दिसतंय की,” म्हणत त्यानं पाय टाकला.

कुणी खालून ओढल्यासारखा बूट सरकला. भागोजी ढुंगणावर आपटला, सरकला, आणि कड्यातून बाहेर आलेल्या उंबराच्या मुळीला त्यानं हात घातला. मुळी हातात आली, आणि सुटली. त्यानं सोडली नव्हती, ती नुसतीच बोटांतून निघून गेली, धरली आहे की नाही हे बोटांना ठाऊकच नसल्यासारखी. मैनानं टोपली कधी खाली ठेवली, कोटाची कॉलर कधी पकडली, ते तिलाही कळलं नाही. तिचे अनवाणी पाय खडकाच्या खरबरीत कडेला रुतले होते. दोघं मागं ओढली गेली, कोरड्या मातीवर बसली. एक दगड खाली गेला. त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

“च्यायला,” भागोजी म्हणाला. मग तिच्याकडं न बघता, “दवानं निसटलं आसंल.”

“व्हय. दवच.”

आणि ती हसू लागली. आवरेचना. भीतीनं की कशानं... पण आता ठाऊक होतं. खालीच जर असं, तर वर माळावर! तिनं पाठीची मोळी सोडली, पेंढ्याच्या दोन मुठी काढल्या, तळव्यांत घोळून पीळ घालू लागली. हे बनुबाईनं शिकवलेलं. तळपायाखालून तीन वेढे, घोट्यावर गाठ. पेंढा बर्फ धरून ठेवतो, कातडं सरकतं. “घ्या, बांधा बुटांवर.”

तो बांधू लागला. ती स्वतःच्या पायाला वेढे घालत होती, एक पाय झाला, दुसरा झाला, आणि वर बघितलं तर तो अजून पहिल्याच गाठीशी होता. पेंढ्याचं टोक बोटांत धरायला जायचा आणि ते खाली पडायचं. पुन्हा धरायचा. बोटांची टोकं पांढरी होती, मेणाची असावीत तशी, आणि नखांशी भेगा, ज्यांतून रक्तही येत नव्हतं.

“थंडीनं झाली,” तो म्हणाला.

“आत्ता?”

त्यानं हात कोटाच्या खिशांत घातले.

मैना त्याच्या पुढ्यात बसली, बूट मांडीवर घेतला आणि गाठ मारू लागली. आणि आठ दिवसांतल्या एकेक गोष्टी, ज्या तिनं बघून सोडून दिल्या होत्या, आपल्या आपण उठून समोर येऊन बसल्या. चुलीवरचं आमटीचं मडकं त्यानं फडक्याशिवाय उचललं होतं, आणि सासू शेजारणीला कौतुकानं म्हणाली होती, मुंबईत राहून माज्या ल्येकाचं हात लोखंडाचं झालं. सदऱ्याच्या गुंड्या तो लावतच नसे. पिशवीची गाठ आईकडून मारून घेतलेली. आणि रात्री तिच्या अंगावर पडलेला त्याचा हात... कुठं पडलाय हे त्याला स्वतःलाच माहीत नसल्यासारखा पडलेला, आणि ती आढ्याकडं बघत विचार करीत राहिली होती, की ह्याचं मन आता तिकडंच कुठंतरी लागलंय. सात रात्री तिनं हेच धरून ठेवलं होतं.

“किती दिस झालं?”

“दोन हिवाळं. आकडा धरता येतो. आकड्याला काय लागत नाय.” मग तो घाईनं म्हणाला, “आयेला बोलू नको.”

दुसऱ्या बुटाची गाठ तिनं जरा जास्तच आवळली. बोलण्यासारखं पुष्कळ होतं; पण ऊन कड्यामागं चढत होतं, माळावर ते पोचायच्या आत पोचायला हवं होतं, आणि तिच्या पायांना हे सगळं कळत नव्हतं. पाय अजून आनंदातच होते. ह्याची तिला लाज वाटली, आणि तरीही ती उठली, टोपली डोक्यावर घेतली, म्हणाली, “माज्या पावलावर पाऊल टाका. मधी उभं राहू नका.” आणि कपारीवर पाय ठेवला. पेंढा कर्र वाजला. धरलं. दुसरं पाऊल. धरलं. मागून बुटांची करकर येत होती, तिच्याच लयीत, एक पाऊल मागं... भागोजी तिच्या सांगण्यानं चालत होता. लग्नाला नऊ वर्षं झाली, आणि हे आज पहिल्यांदा.

शेवटचा उंचवटा तिनं धावतच काढला.

माळ होता. पांढरा होता. गेल्या सालापेक्षा पांढरा! सबंध परात मीठ पसरल्यासारखी, कड्याच्या निळ्या सावलीत, आणि पलीकडच्या काठावर उन्हाची एक बारीक पिवळी रेघ नुकती उतरलेली. तिच्या तोंडून काय निघालं ते शब्द नव्हते. टोपली टेकवून ती पळत सुटली, पायाखाली गवत काचेच्या बांगड्यांसारखं फुटत होतं. पहिल्याच खळग्यापाशी ती गुडघ्यांवर बसली, मुठीनं कड फोडली आणि झाकण उचललं. हाताच्या पंजाएवढं. आत एक गवताची काडी अडकलेली. तिनं ते दोन्ही हातांनी आभाळापुढं धरलं.

“ह्यो बगा! ह्यो काय हाय? ह्याला सायेब लागला?”

भागोजी सावकाश आला. त्यानं ते तळव्यावर घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं, डोळ्याजवळ नेऊन आरपार बघितलं. ती वाट बघत होती. तो काय म्हणेल हे तिनं वर्षभरात किती परींनी रचून ठेवलं होतं — मैने, चुकलं माझं, मैने, तू खरी, मैने...

“पातळ हाय,” तो म्हणाला. आवाज कारखान्यातला होता, मालाची पारख करणारा. “पन साफ हाय. आमच्या लादीच्या पोटात सफेद राहतं, हवा अडकते. ह्यात बग, काय नाय. असा आमाला जमत नाय.” त्याच्या बोटांमधून पाणी ठिबकत होतं. मग तो हळूच म्हणाला, “गार हाय का गो?”

तिला वाटलं, थट्टा. मग तिनं त्याच्या बोटांकडं पाहिलं. बर्फ धरून ती बोटं इतकी स्वस्थ होती, की जणू लाकडाचा तुकडा धरलाय.

“डोळं मिटा,” ती म्हणाली.

“काय?”

“मिटा म्हनते ना.”

त्यानं मिटले. तिनं झाकणाचा एक तुकडा मोडला आणि त्याच्या डाव्या पापणीवर टेकवला.

“आयला!” भागोजी ताडकन मागं सरला, आणि हसला. शिमग्यातलं हसू नव्हतं ते. पाण्यात ढकललेल्या पोरासारखं, दचकून, मोठ्यानं. कड्यानं ते परत पाठवलं. “आयला, आयला... दे, दे, परत लाव.” त्यानं चेहरा पुढं केला. ती टेकवत राहिली, एका पापणीवर, दुसऱ्या पापणीवर, आणि तो डोळे मिटून तसाच उभा, हाताबाहेर गेलेलं काहीतरी चेहऱ्यानं परत घेत असल्यासारखा.

मग त्याला घाई सुटली. “टोपली आन. तूस हाय ना? तुसात दाबून भरला तर वाडीपर्यंत निम्मा तरी राहील. ऊब नाय द्यायची येडे, ऊब तोडायची! गोमाजीच्या सदऱ्यात घालतो बग.” तो अंडी तुसातून काढून पांढऱ्या गवतावर ठेवू लागला, एकेक, फार जपून, डोळे त्यांवर रोखून, कारण बोटांना विचारून उपयोग नव्हता. “आजचा बाजार ऱ्हाऊ दे. तू फोड, मी भरतो. मोठी मोठी फोड. ऊन आलं बग.”

ऊन आलं होतं. पिवळी रेघ माळात उतरत होती, आणि जिथं जिथं पोचत होती तिथं पांढरं एकदम ओलं, हिरवट होत होतं. ह्याच घडीसाठी ती वर्षभर जगली होती. उठायचं, फोडायचं, भरायचं, खाली न्यायचं, गोमाजीच्या, सासूच्या, सगळ्यांच्या हातावर ठेवायचं... छाती अजून धडधडत होती; पण ती धडधड आता दुसरीकडंच कुठंतरी तोंड करून होती, आणि तिला ती ओळखू येत नव्हती. वाडीनं मानलं काय, न मानलं काय. आकड्याला काय लागत नाही म्हणे. उद्या सकाळी तो ह्याच बोटांनी बोचकं उचलणार...

हातात उरलेला तुकडा तिनं तोंडात टाकला. दात ठणकले, जीभ बधिर झाली. जाऊ नका. एवढेच दोन शब्द. मग खायचं काय, आई काय म्हणेल, गावात काय करणार, ही त्याची सगळी उत्तरंही तिला पाठ होती. ते दोन शब्द जिभेवर धरून ती तशीच बसून राहिली. चावले नाहीत, गिळले नाहीत.

“फोड की गो!” भागोजी ओरडला. “बगत काय ऱ्हायलीस?”

ती त्याची बोटं बघत राहिली होती. तुसात खुपसलेली, आणि तिथं काय लागतंय ते चाचपणारी.